बन्सीभाऊंचा प्रोग्राम

"बंद नाही झालंय ते! मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलू नकोस. ॲक्सेस सॉफ्टवेअर आजही विकत मिळतं."

"मिळतं ना. कोण नाही म्हणतंय? पण तुमचं दोन हजार तीनचं मिळत नाही, पप्पा. ते ज्या विंडोजवर चालतं ती मिळत नाही. ती विंडोज ज्या कंप्युटरवर चालते त्याचा मदरबोर्ड मिळत नाही. गेल्या महिन्यात भंगारवाल्याच्या दुकानात ठाण मांडून कोण बसलं होतं?"

"भंगारवाला नाही तो. जुने पार्ट विकतो."

"तेच ते."

"तेच ते नाही!"

धुळ्याच्या देवपूर भागातल्या दोन खोल्यांच्या घरात पोहे निवत चालले होते. प्रज्ञाच्या आईने, पार्वताबाईंनी, दोन्ही बशांवर झाकण घातलं आणि दोघांच्या मधोमध येऊन बसल्या. "बोला, आता माझ्या डोक्यावरून बोला. जळगावहून पोरगी महिन्याने घरी येते, आणि बाप-लेक त्या डबड्यावरून भांडतात. शेजारच्यांना वाटत असेल, लग्नाचं चाललंय."

"लग्नाचं परवडलं," प्रज्ञा म्हणाली. "तिथे नकार तरी देतात. पप्पा ना हो म्हणतात, ना नाही. मी इतकंच म्हणते, तुमची जी काही गिऱ्हाईकं उरलीत त्यांना सांगून टाका. हे फार दिवस चालणार नाही, आपण सगळं ऑनलाइनवर नेऊ. मी करून देते. माझं रोजचं कामच आहे ते."

"आणि दोंडाईच्यात लाइट गेली की? नेट गेलं की? दवाखान्यात रांग लागलेली, आणि डॉक्टर काय ढगाकडे बघत बसणार?"

"आणि तुमची हार्ड डिस्क गेली की?"

"बॅकअप आहे." बन्सीभाऊंनी एवढ्या ठसक्याने म्हटलं की पार्वताबाईंना भांडण मिटल्यासारखं वाटलं आणि त्यांनी झाकणं उचलली. "दोंडाईच्याची मंजुळाबाई शनिवार चुकवत नाही. सूर्य चुकवेल एक वेळ."

"तुम्ही कधी उघडून बघितलाय तो बॅकअप?"

बन्सीभाऊंनी पोह्यांची बशी पुढे ओढली. पोहे तोंडात असले की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

भांडण तसं नवं नव्हतं. नवी होती ती त्यांच्या पोटातली भीती, आणि ती त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. हल्ली फोन वाजला की आधी वाटायचं, आणखी एक गिऱ्हाईक गेलं. पाचोऱ्याच्या वाचनालयाने मागच्या दिवाळीत फोन केला होता: "भाऊ, आमच्या पोरांनी मोबाइलवरचं घेतलं हो, राग मानू नका." राग कसला? त्यांनी अभिनंदन केलं, आणि मग बराच वेळ पांझरा नदीच्या पुलावर जाऊन उभे राहिले.

बन्सीलाल शिरसाठ हे नाव धुळ्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. 'बन्सीभाऊंचा प्रोग्राम' मात्र ठाऊक आहे. वडील रेल्वेत गँगमन. बी.कॉम. झाल्यावर बन्सीलाल जळगावला मावशीकडे राहून कंप्युटर क्लासला गेले. त्या काळी क्लासच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत गारवा, आणि दोन कंप्युटरांवर फुलाफुलांची झाकणं. सर झाकण उचलायचे तेव्हा पोरं उगाच ताठ बसायची. बन्सीलाल तिथे फॉक्सप्रो शिकले आणि पुरते वेडे झाले. माहितीला रकाने पाडायचे, रकान्यांना नावं द्यायची, आणि मग तिला प्रश्न विचारायचा. विचारला की ती उत्तर देते! घरी येऊन त्यांनी आईला हे समजावलं, तर ती म्हणाली, "मना पोऱ्याले बाहेरनं लागनं." तिला ती भूतबाधाच वाटली.

त्यांनी पहिला प्रोग्राम केला तो एका जिनिंग मिलसाठी, कापसाच्या गाड्यांचे नंबर लावायला. तिथले म्हातारे कारकून उखर्डूअप्पा कंप्युटरकडे पाठ करून बसत. "बन्सी, मी मेलो तर माझी आठवण माझ्याबरोबर जाईल. तुझं हे डबडं मेलं तर?" तरुण बन्सीलाल हसून म्हणाले होते, "अप्पा, डबड्याची कॉपी काढता येते. तुमची कुठे येते?" सगळं ऑफिस हसलं. अप्पाही हसले, पण त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी कामावर यायचं सोडलं.

मग फॉक्सप्रोचे दिवस सरले, ॲक्सेस आलं. बटणं, रंगीत फॉर्म, एका टिचकीत रिपोर्ट. बन्सीभाऊंनी तेही पचवलं. खांद्याला पिशवी, पिशवीत सीडी, स्क्रू-ड्रायव्हर आणि डबा, एस.टी.ने आज पाचोरा, उद्या दोंडाईचा, परवा जळगाव. ॲक्सेस हा शब्द गिऱ्हाइकांना माहीतच नव्हता. त्यांना वाटे, सॉफ्टवेअरचं नावच 'बन्सीभाऊंचा प्रोग्राम'. ज्या पेढ्यांवर त्यांचे वडील पायरीखाली उभे राहून बोलत, तिथे यांच्यासाठी खुर्ची सरकवली जाई, "बसा भाऊ." दुकान नाही, पाटी नाही, मोठी पदवी नाही. ती सरकवलेली खुर्ची हीच कमाई. एकदा का कुणी म्हटलं, 'बन्सीभाऊंच्या प्रोग्राममुळे आमचा घात झाला,' की ती खुर्ची गेली. खानदेशात बातमीला एस.टी. लागत नाही.

पोहे संपले आणि फोन वाजला. दोंडाईचा.

"भाऊ, कंप्युटर चालूच व्हत नही. सकायपासून नुसतं टक्‌टक् टक्‌टक् करी राहिना. उद्या दवाखाना शे. आते कसं करो?"

टक्‌टक्. बन्सीभाऊंना तो आवाज फोनवरूनही ओळखता आला असता. हार्ड डिस्क गेली.

"घाबरू नका, मंजुळाबाई. बॅकअप घेतलाय ना?"

"हाऊ काय सवाल शे भाऊ! दर शनवारे. बठ्ठं पेनड्राईव्हमा शे."

सगळं आहे म्हटल्यावर फोन ठेवून ते प्रज्ञाकडे वळले. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाजात ऐट होती. "बघ. ह्याला म्हणतात शिस्त. चल, येतेस? डोळ्यांनी बघ, कसं अर्ध्या तासात उभं करतो."

प्रज्ञाने त्यांचा जुना लॅपटॉप त्यांच्या पिशवीत टाकला. भांडायला का होईना, बापाला एकटं सोडायचं तिच्या मनात नव्हतं.

दोंडाईच्याचा तो दवाखाना महिन्यातून एकदा, रविवारी भरतो. फिट येणाऱ्यांसाठी. नाशिकहून डॉक्टर येतात, खेड्यापाड्यांतून माणसं येतात, तपासून महिन्याच्या गोळ्या घेऊन जातात. चालवतात ज्ञानेश्वर नाना, एके काळचे मिरचीचे व्यापारी. त्यांच्या धाकट्या भावाला फिट यायच्या. विहिरीवर पाणी शेंदताना एक आली, तीच शेवटची. त्याचा फोटो ऑफिसात कंप्युटरच्या वरच लावलेला आहे. कुणाला कुठली गोळी, केवढी, कधी वाढवली, कधी कमी केली, हे सगळं बन्सीभाऊंच्या प्रोग्राममध्ये. पेशंटांकडे पिवळी कार्डं असतात, पण कार्ड घामाने भिजतं, पोरं त्याची विमानं करतात. म्हणून तर नानांनी कंप्युटर घेतला.

एस.टी. चिमठाण्याच्या पुढे गेली तरी बन्सीभाऊ बोलत होते. हार्ड डिस्क बदलायची नाही, आज नुसता आपला लॅपटॉप तिथल्या मॉनिटरला जोडायचा, पेनड्राईव्हमधली फाइल टाकायची, झालं. प्रज्ञा खिडकीतून बाहेर बघत होती.

"पप्पा, समजा..."

"समजा नाही. समजा-बिमजा काही नाही."

मंजुळाबाई दारातच उभ्या होत्या. पदर खोचलेला, कपाळावर घाम. नवरा गेल्यावर नानांनी त्यांना दवाखान्यात झाडलोटीला घेतलं होतं. कंप्युटर आला तेव्हा नाकीडोळी नीटस एक शिकलेली पोरगी ठेवली, ती लग्न होऊन गेली, आणि खुर्ची रिकामी राहायला नको म्हणून मंजुळाबाई तिच्यावर बसल्या. त्या आजतागायत. गावात आता त्यांना 'कंप्युटरवाल्या काकू' म्हणतात. त्या शब्दाची त्यांना केवढी मिजास! दसऱ्याला कंप्युटरला आपट्याचं पान वाहतात. आणि पेनड्राईव्ह ठेवतात कुंकवाच्या जुन्या डबीत, नानांच्या भावाच्या फोटोसमोर.

त्यांनी डबी उघडून पेनड्राईव्ह दोन्ही हातांनी पुढे केला, प्रसाद द्यावा तसा. "घ्या भाऊ. एक शनवार चुकाडा नही. पोऱ्याना हळदना दिवस बी ईसन करी गयथू."

"मंजुळाबाई, तुमच्यासारखी माणसं म्हणून..." बन्सीभाऊंनी लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावला आणि बाही मागे सारली.

पडद्यावर फोल्डर उमटले. शनिवारामागून शनिवार, प्रत्येकाला तारखेचं नाव दिलेलं. बन्सीभाऊंनी प्रज्ञाकडे एक कटाक्ष टाकला: बघितलंस? मग शेवटचा शनिवार उघडला.

आत एकच चित्र होतं. त्यांच्या प्रोग्रामचं हिरवं चित्र. त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण.

त्यांनी त्याच्या आधीचा शनिवार उघडला. बाण. त्याच्या आधीचा. बाण. मग ते भराभर उघडत सुटले, वर्षभरापूर्वीचे, त्याच्याही मागचे, आणि प्रत्येक शनिवारी तो बाण त्यांच्याकडे बघत होता.

प्रज्ञाने वाकून तो बाण बघितला. तिला कळलं होतं. पडद्यावरचं ते चित्र म्हणजे फाइल नव्हे, फाइलकडे जायचा शॉर्टकट. त्याची कॉपी काढायची म्हणजे घर जळेल म्हणून घराचा पत्ता कागदावर उतरवून ठेवायचा. मंजुळाबाईंनी इतकी वर्षं इमानेइतबारे पत्ता उतरवला होता. घर होतं ते त्या टक्‌टक् करणाऱ्या डब्यात.

"शे ना भाऊ? बठ्ठं शे ना?"

"आं? हो... शे. बघतो. तुम्ही जरा चहाचं बघता का?"

मंजुळाबाई चहाला गेल्या. बन्सीभाऊंना तो दिवस आठवला. पाचची धुळ्याची गाडी, लाइट जायची वेळ, पिशवी खांद्याला लावलेली. मंजुळाबाईंच्या खांद्यावरून हात पुढे करून त्यांनीच दाखवलं होतं: ह्या चित्रावर उजवं बटण, कॉपी, मग इथे पेस्ट. सोपं. ते चित्र शॉर्टकट आहे, ते आपणच काकूंच्या सोयीसाठी पडद्यावर आणून ठेवलंय, हे घाईत त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. आणि नंतर कधी त्यांनी पेनड्राईव्ह उघडून बघितला नाही. काकूंचा शनिवार चुकत नाही, मग बघायचं कशाला?

"डिस्क पुण्याला पाठवू," प्रज्ञा हळू आवाजात म्हणाली. "कधीकधी डेटा निघतो."

"उद्या दवाखाना आहे."

"उद्या निघणार नाहीच. नानांना सांगा."

बन्सीभाऊ लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधत होते. मागे एकदा नवा रिपोर्ट बसवायला आले होते, तेव्हा कामासाठी म्हणून पूर्ण फाइल स्वतःकडे घेतली होती. ती सापडली. त्यांनी ती उघडली, आणि पडदा भरून गेला. नावं, गावं, गोळ्या. सगळं ओळीने. जणू काही झालंच नव्हतं.

"ही केव्हाची?" प्रज्ञाने विचारलं.

"आहे थोडी जुनी."

"पप्पा, दोन वर्षं."

"नावं तीच आहेत."

"गोळ्या? कुणाची वाढवली असेल, कुणाची बंद केली असेल. ही बघा, तेव्हा लग्न न झालेली पोरगी. आज पोटुशी असली तर? डॉक्टर पडद्यावर बघून जुनीच गोळी लिहून देतील."

"डॉक्टर विचारतील ना."

"शंभर माणसं दारात असली की डॉक्टर पडदा बघतात, पप्पा. तुम्हीच सांगता की, 'डॉक्टर माझ्या प्रोग्रामवर डोळे मिटून विश्वास ठेवतात.'"

"हळू बोल."

"मी बोलणारच नाही. तुम्ही बोला. पण तुम्ही नाही बोललात ना, तर मी..."

"तर तू काय?" त्यांचा आवाज फाटला. "तर तू सांगशील, की माझा बाप आता बाद झालाय? सकाळपासून तेच सांगायचंय ना तुला?"

प्रज्ञाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती काही म्हणणार तेवढ्यात चप्पल वाजली आणि नाना आत आले. पांढरं धोतर, हातात मोबाइल. त्यांनी आधी भावाच्या फोटोला हात जोडले, मग पडद्याकडे बघितलं आणि हुश्श केलं.

"झालं? वा बन्सीभाऊ! मी डॉक्टरांना फोन लावणारच होतो. ही तुमची लेक का? काय गं, तू म्हणे त्या ऑनलाइनवाल्या कंपनीत आहेस. अशी एक टाय लावलेली जोडी माझ्याकडेही आली होती. म्हणाले, नाना, सगळं हवेत ठेवू. मी म्हटलं, हवेत आमची मिरची वाळते. आमचे बन्सीभाऊ आहेत तोवर आम्ही जमिनीवरच बरे."

मंजुळाबाई चहाचे कप घेऊन आल्या, त्यांनीही पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला. "दखा नाना! मी सांगं व्हतं ना, बठ्ठं पेनड्राईव्हमा शे."

नानांनी मोबाइल कानाला लावला. "हां, डॉक्टरसाहेब. हो हो, चालू झाला. उद्या काही अडचण नाही, या निवांत..."

"नाना, थांबा." बन्सीभाऊ उठून उभे राहिले होते. "डॉक्टरांना सांगू नका तसं."

नानांनी फोनवर तळहात ठेवला. "काय झालं?"

"हे जुनं आहे. माझ्याकडची प्रत. दोन वर्षांपूर्वीची. ह्यातल्या गोळ्या बघून कुणाला काही देऊ नका."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण फोटोकडे बघत होतो.

नाना बाकावर बसले. फोनवर म्हणाले, "साहेब, पुन्हा लावतो." पण माणूस बाजारात वाढलेला, संकट आलं की आधी हातपाय हलवायचा. "फोन नंबर तरी आहेत ना ह्यात? मंजुळाबाई, आत्तापासून एकेकाला फोन लावायचा. सध्या खाताय त्या गोळ्यांचं पाकीट घेऊन या, रिकामं असलं तरी चालेल. कार्ड असेल तर कार्ड. पाकीट नाही, कार्ड नाही, त्याला डॉक्टर नव्याने तपासतील. मी आणखी एका डॉक्टरचं बघतो. होईल. निभेल." मग त्यांनी घाम पुसला. "बरं झालं बोललात, बन्सीभाऊ. लपवलं असतं तर मी तुम्हाला माफ केलं नसतं."

प्रज्ञाने त्यांच्या दंडाला हळूच हात लावला.

"पण एक सांगा," नाना म्हणाले, "बॅकअप होता ना? ही बाई दर शनिवारी पेनड्राईव्ह घेऊन बसते, मी स्वतः बघतो. मग त्यात काय आहे?"

"त्यात... फाइल नाही. नुसतं चित्र आहे."

"म्हणजे?"

"शॉर्टकट कॉपी झालाय. दर वेळी."

नाना हळूहळू मंजुळाबाईंकडे वळले. "म्हणजे प्रोग्राम ठीक होता. कॉपी करणारीने घोळ घातला."

पडदा, पंखा, चहाचे कप. सगळं जिथल्या तिथे होतं. बन्सीभाऊंना एकदम दिसलं की सुटायचं दार उघडं आहे. आपण काही खोटं बोलायला नको. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे. पाचोऱ्यात, जळगावात लोक म्हणतील, प्रोग्राम चांगलाच होता हो, बाईला कळत नव्हतं.

"मंजुळाबाई," नाना म्हणाले, आवाज चढवला नाही तरी तो लागला, "उद्याचे फोन करा. पण परवापासून ह्या खुर्चीवर बसू नका. माझ्या भावाच्या फोटोखाली खेळ नाही चालायचा."

मंजुळाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "नाना, मी खेळ नही करं. माले जसं सांगं, तसंच मी करं." त्या बन्सीभाऊंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांत राग नव्हता, तेच वाईट होतं. भाऊ खरं सांगतील याची त्यांना अजून खात्री होती. "भाऊ, तुम्हीच दखाडं व्हतं ना माले? हाई चित्र कॉपी कर म्हनीसन? सांगा ना नानाले."

नानांनी मान वर केली. "असं आहे का, बन्सीभाऊ? तुम्ही शिकवलं होतं?"

बन्सीभाऊंनी मॉनिटरची वायर काढली. पडदा काळा झाला. वायर गुंडाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. लॅपटॉप पिशवीत गेला, मागून स्क्रू-ड्रायव्हर गेला.

"पप्पा," प्रज्ञा म्हणाली. "नाना तुम्हाला विचारताहेत."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, उंबऱ्याबाहेर चपलांत पाय सरकवले, आणि पायऱ्या उतरून स्टँडच्या दिशेने चालू लागले.